दाखवायचे दात

त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागं टेकतं आणि हे वर्ण उमटतात. कोल्हापूरच्या शाळेत ३१ वर्षं मी हे शिकवलं. ‘आरशात बघून म्हणा,’ असं मुलांना सांगायची. दात, ताट, धान, नथ. मुलं घरून छोटे आरसे आणायची, एकमेकांच्या तोंडात डोकवायची, खिदळायची. मी मात्र ते शब्द फळ्याकडं वळून म्हणायची. माझ्या वरच्या ओळीतला डावीकडचा पुढचा दात करड्या रंगाचा होता.

मी ११ वर्षांची असताना पंचगंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि तोंड खालच्या पायरीवर आपटलं. दात पडला नाही की तुटला नाही. चार दिवस हलत होता, मग घट्ट बसला. आईनं हळद दाबली. “दात वाचला, अंबाबाईची कृपा,” असं वडील म्हणाले. पण पुढच्या वर्षभरात त्याचं पाणी उतरत गेलं. आधी दुधात पाणी मिसळावं तसा निळसर झाला, मग राखेसारखा. त्याच सुमाराला शाळेच्या स्नेहसंमेलनात मला म्हातारीचं काम मिळालं. म्हातारीचं काम करणाऱ्याचा पुढचा एखादा दात काळा रंगवायची आपल्या हौशी नाटकांत रीत आहे. लांबून तो पडल्यासारखा दिसतो. “हिचा रंगवायला नको,” असं पडद्यामागं कुणीतरी सहज म्हणालं. टाळ्या खूप पडल्या. घरी येऊन मी आईच्या फणेरपेटीच्या आरशात हसून पाहिलं, आणि त्या रात्रीपासून ओठ मिटून हसायला शिकले.

शिकले म्हणते, कारण त्याला सराव लागतो. वरचा ओठ खाली ओढून धरायचा. हसू फुटायच्या आत पदर तोंडाशी न्यायचा. पदर नसेल तर तळहात. फोटोत मान किंचित डावीकडं फिरवायची, म्हणजे तो दात सावलीत जातो. लग्नाच्या अल्बमात मी गंभीर दिसते. सासरच्यांनी तो लाजाळूपणा समजला आणि मी तसं समजू दिलं. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ ही म्हण मी वर्गात कितीतरी वेळा समजावून सांगितली आहे: लोक हसले तर हसोत, आपण आपलं काम करावं. माझ्या मनात मात्र ती शब्दशः उतरली होती. हसलं की दात दिसणार, म्हणून हसायचं नाही.

हे मी कधी कुणाशी बोलले नव्हते. गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला, आणि एका रविवारी ती पुण्याहून आली ती थेट माझ्याकडं.

“मावशी, मी व्हिनिअर्स करणार हाय. वरचे आठ दात. आई नको म्हणालीय. तू येतीस काय संगं? मी एकटा जात नाही.”

कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. पुण्यात चार वर्षं नोकरी करूनही तिच्या तोंडचा हा ‘मी’ बदललेला नाही आणि मला तो ऐकायला आवडतो. तिचे दात मला चांगलेच दिसत होते. पुढच्या दोन दातांत ज्वारीच्या कणीएवढी फट, एका दाताचा कोपरा लहानपणी उडालेला, आणि रंग चहा पिणाऱ्या कुठल्याही मुलीचा असतो तसा. “तुझ्या दातांना काय झालंय?” असं मी विचारणार होते. पण शब्द ओठांवर आला आणि थांबला. मला कुणी कधी हा प्रश्न विचारला असता तर मी तरी काय सांगितलं असतं? आणि ती तर ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर रोज तासन् तास स्वतःचाच चेहरा बघत बसते. सकाळ-संध्याकाळ वेणी घालण्यापुरता आरसा बघणाऱ्या आमच्या पिढीनं तिला काय सांगावं!

राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर तो दवाखाना. डॉक्टर तिशीतल्या, शांत. भाचीनं मोबाइलवरचे फोटो दाखवले, त्यांनी ते नीट पाहिले, मग मोबाइल बाजूला ठेवून तिच्या दातांकडं त्याहून जास्त वेळ पाहिलं. नंतर एका डबीतून चिमट्यानं एक पापुद्रा काढून माझ्या तळहातावर ठेवला. चिनी मातीचा, दाताच्या आकाराचा, उजेडाला धरला तर अर्धपारदर्शक. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर. पेरूची साल काढावी तसा. हा पापुद्रा दाताच्या पुढच्या बाजूला कायमचा चिकटवतात, तेच व्हिनिअर. कॅप दाताला चहूकडून टोपीसारखी बसते आणि तिच्यासाठी दात सगळीकडून बराच घासावा लागतो. व्हिनिअर फक्त दर्शनी बाजूला बसतं. लोक दोन्हींना एकच समजतात आणि तिथंच फसगत होते, असं त्या म्हणाल्या.

“घासायला लागतं काय मग?” भाचीनं विचारलं.

“बहुतेक वेळा लागतं. थोडंच, पण लागतं. नाहीतर वरून पापुद्रा बसला की दात जाड दिसतो, हिरडीशी कड राहते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. दाताच्या वरचं कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. वजनाच्या जवळजवळ ९६ टक्के नुसती खनिजं. पण ते जिवंत नसतं. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर यायच्या वेळीच संपून जातात. नख कापलं तर वाढतं, कातडी खरचटली तर भरते, मोडलेलं हाड सांधतं. एनॅमल एकदा घासलं की तेवढं कायमचं गेलं. पुढच्या दातांच्या टोकाशी ते जवळपास मिलिमीटरभर जाड असतं आणि हिरडीजवळ उतरत उतरत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होतं. व्हिनिअर चांगलं टिकतं ते एनॅमलला चिकटलं तर. घासणारा हात जरा जड पडला आणि आतला पिवळसर मऊ भाग उघडा झाला, तर पकड कमी होते आणि गार पाण्याच्या घोटानं कळ येते.

म्हणजे पापुद्रा सुटा असला तरी निर्णय मागं घेता येणारा नव्हता. उद्या नको वाटलं म्हणून काढून ठेवता येईल असा तो दागिना नाही.

एकेकाळी मात्र तो खरोखर काढून ठेवायचाच दागिना होता, आणि ही गोष्ट कळली तेव्हा कोल्हापूरकर म्हणून मला फार जवळची वाटली. १९२८ च्या सुमाराला हॉलीवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांसाठी दातांवर बसवायचे पातळ मुखवटे बनवू लागले. कवळीला लावतात तसल्या पावडरीनं ते तेवढ्यापुरते चिकटवायचे, चित्रीकरण झालं की काढायचे, मग जेवायचं. शर्ली टेंपल ही लहानगी नटी पडद्यावर नाचत होती तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. त्या रिकाम्या जागा अशाच मुखवट्यांनी झाकल्या जात. आणि याच काळात इकडं आमच्या गावात काय चाललं होतं? बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्येच ‘सैरंध्री’ काढला होता. तिथंच तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात ही चित्रपट कंपनी सुरू केली. मूकपटांचे दिवस होते, माणसं डोळ्यांनी आणि भुवयांनी बोलायची. मग १९३२ मध्ये याच गावात ‘अयोध्येचा राजा’ तयार झाला, पहिला मराठी बोलपट, आणि पडद्यावरच्या माणसांनी मराठी बोलण्यासाठी तोंड उघडलं. माझे दंत्य वर्ण तेव्हा पडद्यावर आले. वीतभर चेहऱ्याचा भिंतीएवढा चेहरा करणाऱ्या या धंद्यात दातांची चिंता कुणाला तरी लागणार, हे स्वाभाविक होतं.

‘हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे’ असं आपण म्हणतो. पिंकसनी नटांना अगदी हत्तीसारखी सोय करून दिली होती. दाखवायचे दात डबीत, खायचे दात तोंडात. अडचण एवढीच की साध्या माणसाला चोवीस तास घालता येईल असं त्यात काही नव्हतं, कारण एनॅमलला काही चिकटूनच राहत नसे.

ते कोडं सुटलं १९५५ मध्ये. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधले मायकेल बुओनोकोरे यांच्या पाहण्यात आलं की धातूच्या पृष्ठभागाला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच दातावर करून पाहिलं. आमच्या लहानपणी पाथरवट बाया गल्लीतून ‘टाकीऽऽय’ म्हणून ओरडत जायच्या. पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मिरची-खोबरं नुसतं सरकतं, वाटलं जात नाही. मग छिन्नीनं त्याला टाकी लावायची, बारीक बारीक टोचे पाडायचे, की पाटा पुन्हा धरायला लागतो. आम्ल दाताला अशीच टाकी लावतं, फक्त ते टोचे डोळ्यांना दिसत नाहीत इतके सूक्ष्म. त्यांत पातळ राळ शिरते आणि घट्ट होते. पुढं १९८३ च्या आसपास सायमनसन आणि कॅलामिया यांनी चिनी मातीच्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूलाही वेगळ्या आम्लानं अशीच टाकी लावता येते हे दाखवलं. दोन्हीकडून टाकी, मध्ये राळ, वरून निळा प्रकाश. तेव्हापासून दाखवायचा दात आणि खायचा दात एकच झाला.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांचं ऐकताना भाचीला तिचं शिरोळचं उसाचं रान आठवलं असणार. तिनं विचारलं, “ऊस खाता येईल काय मग?”

“तुकडे करून खा. कांडं दातानं सोलायचं नाही. मटणाची नळी फोडायची नाही, दोरा तोडायचा नाही, नखं खायची नाहीत. झोपेत दात खाता काय तुम्ही?”

भाची माझ्याकडं बघायला लागली. ती लहानपणी माझ्याजवळ झोपायची. “खाते,” मी म्हणाले. रात्री तिचे दात कराकरा वाजतात, अजूनही. डॉक्टरांनी तिच्या खालच्या दातांची झिजलेली टोकं मला दाखवली. अशा माणसाला व्हिनिअर बसवायचंच असेल तर रात्री घालायचं प्लास्टिकचं कवच आयुष्यभर वापरावं लागतं, नाहीतर पापुद्र्याचा टवका उडतो.

आणि टिकतं किती? सिरॅमिकची, म्हणजे चिनी मातीची, चांगली बसवलेली व्हिनिअर्स साधारण १० ते १५ वर्षं जातात, काहींची त्याहून जास्त. दवाखान्यात एकाच बैठकीत हातानं घडवतात ती कॉम्पोझिटची ५ ते ७ वर्षं. त्यांना चहाचा डाग धरतो, पण ती दुरुस्त करता येतात आणि त्यासाठी दात फार घासावा लागत नाही. भाची २७ वर्षांची. मी मनात हिशेब केला. चाळिशीत एकदा, पंचावन्नला एकदा, सत्तरीला एकदा. दर वेळी जुनं काढताना दाताचा आणखी थोडा भाग जाणार. एका सिरॅमिक व्हिनिअरचे १२ हजार, म्हणजे आठांचे ९६ हजार. घरी हा आकडा ऐकून बहीण म्हणाली, “एवढे गुजरीत सोनाराला नेऊन दिले असते तर पोरीच्या अंगावर तरी दिसले असते.” बहिणीच्या बाजूनं मी नव्हते. पैसे तिचे होते, कमाई तिची होती. मला भीती होती ती त्या घासण्याची.

ती भीती उगाच नव्हती. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक मुलगा परगावी जाऊन स्वस्तात वरचे दहा दात ‘करून’ आला होता. त्याला सांगितलं होतं व्हिनिअर्स, बसवल्या होत्या कॅप्स. आतले दात पेन्सिलीला टोक काढावं तसे निमुळते करून टाकलेले. पुढं त्यातल्या तीन दातांना रूट कॅनाल करावं लागलं. २४ वर्षांचा मुलगा, दाताला एक कीड नव्हती त्याच्या. चहा कोमट करून प्यायचा. तो आठवला की माझा जीव अजून कळवळतो, आणि निरोगी दातावर झटपट चाक फिरवणाऱ्यांचा मला राग येतो. तसा राग यायलाच हवा.

उलट, जिथं हा उपाय खरोखर माणसाला उभं करतो, तिथं त्याला हौस म्हणून हिणवणंही मला पटत नाही. माझी एक सहशिक्षिका यवतमाळकडची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या कित्येक गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. लहानपणी त्याहून जास्त पोटात गेलं की कायमचे दात मुळातच खडूसारखे पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे घेऊन उगवतात. घासून ते जात नाहीत, कारण डाग वरून बसलेला नसतो, घडणीतच असतो. तसेच दात असलेली ती बाई वर्गात उत्तम शिकवायची आणि पालकसभेत गप्प बसायची. आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकाच स्टाफरूममध्ये आपापले ओठ मिटून डबा खात होतो आणि एकमेकींना काही विचारलं नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

दातांचा कोणता रंग चांगला, हे तरी कुठं कायमचं ठरलेलं आहे? माझ्या पणजीच्या काळात सवाशिणी दातांना दातवण लावून ते काळे करत, आणि काळेभोर दात रूपाचं लेणं मानले जात. जपानातही हीच रीत होती, लोखंडाचं पाणी आणि तुरट पूड लावून दात काळे करायची. १८७० मध्ये तिथल्या सरकारनं सरदार घराण्यांना तिची बंदी केली तेव्हा कुठं ती मागं हटली. माझी आजी दातवणाच्या पुढची पिढी. ती मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, बोटानं हिरड्यांवर फिरवायची, आणि ओसरीवर बसून अर्धा-पाऊण तास कुणाशी बोलायची नाही. तिचे दात काळपट होते आणि ती मोकळेपणानं, मान मागं टाकून हसायची. मिश्रीनं तिच्या हिरड्या खाल्ल्या, साठीच्या आत सगळे दात गेले. ते हसू मला हवं होतं, ती मिश्री नको. आजही आमच्या भागात खेड्यापाड्यांत बायका मिश्री लावतात. तंबाखू ती तंबाखू, तोंडाचा कॅन्सर तिलाही चुकत नाही. हिरड्या सुजलेल्या, रक्त येणारं तोंड असेल तर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर व्हिनिअरला हात घालत नाही. आधी हिरड्या नीट करायच्या, मग बाकीचं.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. भाचीच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर मेणानं नवे दात घडवून घेतले होते. त्यावरून मऊ साचा बनवून, तिच्या दाताला कुठंही चाक न लावता, वरून तात्पुरत्या साहित्याचे आठ दात बसवून दिले. अगदी तिनं मागितलेले, पांढरेशुभ्र. “दोन तास फिरून या. बोला, खा, आरशात बघा.” आम्ही खाली उतरलो. ती मला काहीतरी सांगायला लागली आणि तिचे ‘च’ आणि ‘ज’ घसरले. मराठीत दोन ‘च’ आहेत, ‘चहा’तला एक आणि ‘चमचा’तला दुसरा. दुसऱ्यासाठी जीभ दातांपर्यंत पुढं यावी लागते, आणि तिथं आता अनोळखी भिंत होती. जीभ चार दिवसांत शिकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेवढ्यानं मी काही तिला नको म्हणाले नसते.

रंकाळा तलावाच्या कट्ट्याशी बसून तिनं मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला कितीतरी वेळ पाहिलं. हसली, गंभीर झाली, पुन्हा हसली.

“काय बघालीस अशी?” मी विचारलं.

“मावशी, छान दिसतंय गं. पण आईसारखं हसू नाही राहिलं ह्यात.”

ती फट तिच्या आईची होती. माझ्या बहिणीच्या पुढच्या दोन दातांत तीच फट आहे, आमच्या आईच्याही होती. हे मला इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं.

शेवटी तिचं ठरलं ते असं. आधी दातांची सफाई. मग डॉक्टरांनी दिलेल्या साच्यात जेल भरून दोन आठवडे घरी ब्लीचिंग. उडालेला कोपरा कॉम्पोझिटनं एका बैठकीत भरला. फट ठेवली. आठ दातांतल्या एकाही दाताचं एनॅमल घासलं गेलं नाही. आणि रात्री दात खाते म्हणून घालायचं कवच तेवढं करून घेतलं.

त्या शेवटच्या भेटीत खुर्चीतून उठता उठता तिनं अचानक माझ्याकडं बोट केलं. “डॉक्टर, आता मावशीचा दात बघा.” तिला ठाऊक होतं. म्हणजे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी ५० वर्षं पदर धरत होते आणि माझ्या माणसांनी तेवढीच वर्षं तिकडं न बघण्याचं व्रत पाळलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मग मला समजावलं की त्या मारानं दाताच्या आतली नस मेली होती, आत साकळलेल्या रक्तातले रंग दाताच्या सूक्ष्म नळ्यांत झिरपले होते, आणि म्हणून तो आतून करडा होता. “काकू, खरं सांगू? तिच्या आठ दातांपेक्षा तुमचा एक दात अवघड आहे.” आठ दात एकदम केले की ते एकमेकांसारखे दिसतात, काम भागतं. एकच पुढचा दात करायचा तर शेजारच्या जिवंत दाताशी त्याला जुळावं लागतं, उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली. आणि पातळ व्हिनिअरमधून आतला काळोख डोकावतो. म्हणून आधी रूट कॅनाल, मग दाताच्या आत औषध भरून आतूनच त्याचा रंग उतरवायचा, आठवडाभरानं औषध बदलायचं, पुन्हा आठवडा. मग दोन-तीन आठवडे थांबायचं, कारण ब्लीचिंगनंतर लगेच चिकटवलं तर पकड नीट बसत नाही. आणि मग व्हिनिअर, तेही जेवढं लागेल तेवढंच घासून.

व्हिनिअर म्हणजे दाताला दिलेला लेपच, आणि कोल्हापुरात लेप म्हटलं की मनात एकच आठवण येते. अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाली म्हणून १९५० च्या दशकात तिला वज्रलेप दिला गेला होता. २०१५ मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी पुन्हा रासायनिक संवर्धन केलं, आणि त्यावरून गावात किती चर्चा झाली ती मी ऐकली आहे. त्या चर्चेत एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते की लेप दिला म्हणजे काम संपत नाही, लेपाला जपायचं काम सुरू होतं. दाताची आणि देवीची तुलना माझ्या मनात येणार नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला ते बोलणं आठवलं आणि मी डॉक्टरांना म्हणाले, “मी जपीन.”

रंग ठरवायच्या दिवशी त्यांनी मला सकाळी ११ ला बोलावलं, दिवसाच्या उजेडात. ओठांना काही लावून येऊ नका म्हणाल्या. तोंड उघडं राहिलं की दात वाळतो आणि असतो त्याहून पांढरा दिसतो, म्हणून सगळ्यात आधी रंग. त्यांच्या हातात १६ छटांच्या नमुन्यांची पट्टी होती, ए, बी, सी, डी अशा घरांची. मी हळूच म्हणाले, “थोडा पांढरा दिला तर?” त्यांनी एक पांढरा नमुना माझ्या ओठांशी धरला आणि आरसा दिला. दात दिसला, मी दिसले नाही. मग त्यांनी दुसरा धरला, हस्तिदंती, हिरडीकडं किंचित गडद. तो शेजारच्या दाताला लागला आणि नाहीसा झाला.

भाचीच्या लग्नातला एक फोटो मी चौकटीत लावला आहे. तिघी आहोत त्यात, बहीण, भाची आणि मी. फट दोघींची दिसते. माझा कोणता दात नवा, ते अजून कुणी ओळखलेलं नाही. लॅबला पाठवलेल्या चिठ्ठीची नक्कल मी डॉक्टरांकडून मागून घेतली आणि वहीत ठेवली. त्यावर लिहिलं आहे: ‘वरचा डावा पुढचा दात. छटा ए ३, हिरडीकडं ए ३.५. शेजारच्या दातावर वयानं आलेली उभी बारीक रेघ आहे, तीही काढावी.’